फ्यूज उडालाच नाही

४ मार्च

दाजी,

नमस्कार लिहायचा की नाही यावर अर्धा तास गेला आणि शेवटी नुसतं दाजी लिहिलं. ताईच्या लग्नापासून एकवीस वर्षं तेच म्हणत आलोय, ते काही आगीत जळालेलं नाही. फोन तुम्ही उचलत नाही. तुमच्या थोरल्या भावाने उचलला तर ‘तो कारखान्यात गेलाय’ एवढंच सांगतात आणि ठेवून देतात. म्हणून पत्र. शाळा सुटल्यापासूनचं हे माझं पहिलं पत्र, तेव्हा अक्षराला हसू नका. हसलात तर खरं म्हणजे बरंच वाटेल.

मुद्द्यावर येतो. शिवणखोली जळून सहा आठवडे झाले. तुम्ही घर सोडून गेलात त्यालाही पाच होतील. ताई बोलत नाही. म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढं बोलते. जळकी मशीन तिने अंगणात ओळीने मांडून ठेवलीत आणि रोज एकेक पुसत बसते. पाचांतली तीन तर भंगारातही कुणी घेणार नाही.

मला एवढंच म्हणायचंय की माणसाकडून चूक होते. दुपारी सगळ्या बायका जेवायला बाहेर गेल्या, तुम्ही कापड मोजत मागे राहिलात, एक सिगारेट ओढलीत, बाहेर पडताना थोटुक नीट विझलं नाही. झालं. कुणाचा जीव गेला नाही. तुम्ही एकदा ‘हो, माझ्या हातून झालं’ असं म्हणून टाका. ताई दोन दिवस आदळआपट करेल आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला ताट वाढेल. तिला मी तुमच्या आधीपासून ओळखतो.

पण तुम्ही ना हो म्हणालात ना नाही. नुसते खिसे चाचपत उभे राहिलात, तेवढं मला अजून दिसतं.

माझ्या कामावर संशय घ्यायला जागाच नव्हती, हे तुम्हीही पाहिलंत. छपरावरची दोन सोलर पॅनल, मागच्या कोपऱ्यातली बॅटरी, तिथून कपड्यांच्या फळीवरून आलेली वायर आणि दाराजवळचा बोर्ड. त्या बोर्डातच फ्यूज. सगळ्यांसमोर मी तो काढून वर धरला. गाडीत असतो तसला, तीस अँपिअरचा. आतली पट्टी अख्खी. मीटर लावला तर पीं करून वाजला. वायरिंगमध्ये काही झालं असतं तर आधी हा उडाला असता, हे पोरासोरांना कळतं. मी म्हणालोसुद्धा, फ्यूज शाबूत तर मिस्त्री शाबूत. लोक हसले. आता वाटतं, जळक्या खोलीसमोर तो विनोद करायला नको होता.

आणि मी तुमचं नाव घेतलं नव्हतं. मी फक्त विचारलं की आत सिगारेट कोण ओढतं. बायको म्हणते मी नाव घेतलं. मला तसं आठवत नाही.

तुमचा मेहुणा


१९ मार्च

दाजी,

ताईला तुमचं पत्र आलं. मला उशिराच कळलं. ती ते मशीनच्या खणात ठेवून बसली होती. मी मागितलं तेव्हा हातात दिलं आणि आत निघून गेली.

तुम्ही कबूल केलंत. म्हणजे मला हवं होतं तेच झालं. मग मला बरं का वाटत नाही? त्या दिवसापासून माझ्या डोक्याचं भरीत झालंय. दोन वेळा लोकांच्या घरी लाल वायरच्या जागी काळी लावता लावता वाचलो.

तुम्ही लिहिलंय, ‘ओढली असेन. सवयच आहे, हात आपोआप जातो. सगळे म्हणतात म्हणजे ओढलीच असेन.’ असेन म्हणजे काय, दाजी? तुम्ही अठ्ठावीस वर्षं कापड कापताय. बोटभर कापड जास्त गेलं तर महिन्यानंतरही तुम्ही सांगता की ते कुठल्या ठाणातलं होतं. आणि सिगारेट ओढली की नाही हे आठवत नाही? पुढे लिहिलंय की पाकीट सापडत नव्हतं असंही वाटतं, पण ते आदल्या दिवशीचं असेल. पाकीट सापडत नव्हतं तर ओढलीत काय? मी ते वाक्य चार वेळा वाचलं आणि मग कागद घडी करून ठेवून दिला.

रागवू नका, पण मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. तुमच्या जागी मी असतो तर मिस्त्रीची गचांडी धरली असती.

अजून एक गोष्ट. लिहू की नको असं करता करता लिहितो. बॅटरी हलवायला मी परवा शिवणखोलीत गेलो. बॅटरीच्या कोपऱ्यापुढे पत्र्याची आडभिंत आहे ना, जिच्या भोकातून मी दोन्ही वायर फळीवर काढल्या होत्या, त्या भोकाच्या कडेला तांब्याचे मणी चिकटलेत. मोहरीएवढे, गोल. आग लागली की तांबं वितळत असेल असं मी स्वतःला सांगितलं. मग बोर्डाजवळची वायर पाहिली. तिचं प्लास्टिक जळून गेलंय, पण तांबं सरळच्या सरळ आहे, मणी एकही नाही. एकाच आगीत एक टोक वितळतं आणि दुसरं टोक वितळत नाही, हे कसं?

फ्यूज माझ्या खिशातच असतो. दिवसातून दोनदा मीटर लावतो. दर वेळी वाजतो.

तुमचा मेहुणा


२८ मार्च

दाजी,

हे पत्र पाठवेन की नाही माहीत नाही.

जळकी बॅटरी द्यायला मी बॅटरीवाल्या बाईंच्या दुकानात गेलो. तुम्ही त्यांना पाहिलंय, ॲसिडने भोकं पडलेला एप्रन घालून बसतात आणि कुणालाही अरेतुरे करतात. त्यांनी बॅटरी उलटीसुलटी केली, वितळलेलं टोक पाहिलं आणि विचारलं, फ्यूज कुठे होता?

मी खिशातून काढून दाखवला. म्हटलं हा बघा, शाबूत आहे.

त्या म्हणाल्या, “कसा आहे ते नाही विचारलं. कुठे होता ते विचारलं.”

मी म्हटलं दाराजवळ, बोर्डात. तिथे का, तर बहिणीचे गुडघे दुखतात, बॅटरीच्या कोपऱ्यात तिला वाकता येत नाही. फ्यूज उडाला तर तिला खुर्चीवर बसल्या बसल्या बदलता यावा. हे सांगताना मला थोडी ऐटच वाटत होती. सगळे मिस्त्री कुठेतरी अडगळीत फ्यूज लावतात, मी माणसाची सोय बघतो.

त्यांनी खडूने फरशीवर एक चौकोन काढला. ही टाकी. चार हातांवर एक फुली मारली. हा नळ. मधे रेघ ओढली आणि त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, “पाइप इथे फुटला. आता तुझा नळ एकदम चांगला आहे. मग घरात पाणी का?”

मी म्हणालो वीज म्हणजे पाणी नाही. त्या म्हणाल्या नाही ना, पाण्याने घर जळत नाही. मी म्हणालो, मी अकरा वर्षं हे काम करतोय. त्या म्हणाल्या दिसतंय. मग माझं डोकं फिरलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत मी म्हणालो की ज्याने आग लावली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय, तुम्ही मला शिकवू नका. त्यांनी फरशीवरचा खडू पुसून टाकला.

तुमचं पत्र मी असं चव्हाट्यावर वापरलं, दाजी. घरी येईपर्यंत मला त्याची लाज वाटली. पण त्या बाईंचं म्हणणं खरं आहे असं मात्र मला वाटत नाही. कसं असेल? फ्यूज असतो कशासाठी? इन्व्हर्टर, मशीन, दिवे वाचवायला. तो त्यांच्याजवळच असायला हवा. माझ्या उस्तादांनी मला हेच शिकवलं. फ्यूज दिव्यासाठी असतो.

की वायरसाठी असतो?

बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची जी वायर, तिच्यासाठी मग कोण होतं?

कळत नाही. डोकं दुखतंय. थांबतो.


२ एप्रिल

दाजी,

मागचं पत्र टाकलंच नाही. ते आणि हे एकाच पाकिटात येतील. आधी ते वाचा. मी किती गाढव आहे हे क्रमाने कळलेलं बरं.

आज सकाळी अंगणात विटांवर स्कूटरची जुनी बॅटरी मांडली. तिच्यापासून दोन हात वायर, मग फ्यूज, मग एक दिवा. आपल्या शिवणखोलीत होतं तसंच, फक्त छोटं. दिवा लागला. मग पक्कड घेऊन मी वायरच्या मधोमध, म्हणजे फ्यूजच्या अलीकडे, लाल आणि काळी वायर खरवडून एकमेकींना टेकवली.

मला वाटलं होतं फ्यूज उडेल. देवाशपथ, पक्कड टेकवेपर्यंत मला तेच वाटत होतं.

मी श्वास घेण्याआधी वायर लाल झाली. प्लास्टिक ठिबकायला लागलं, विटेखालचा पाचोळा पेटला, माझं बोट भाजलं. पायाने बॅटरी उलटी पाडली, वायर टोकावरून निसटली, तेव्हा कुठे ते थांबलं. आणि फ्यूज तिकडे टोकाला मजेत बसला होता. त्याच्या अंगावरून काही गेलंच नाही तर तो उडेल कशाला? बॅटरीतली सगळी ताकद अर्ध्या वाटेवरूनच परत फिरली. फ्यूजला कुणी बोलावलंच नाही.

म्हणजे फ्यूज शाबूत होता हा माझ्या बाजूचा पुरावा नव्हताच. तो माझ्या विरुद्धचा पुरावा होता. मी तो गावभर मिरवत होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बायको दारात उभी राहून सगळं बघत होती. तिने बादली आणून ओतली, माझं बोट नळाखाली धरलं आणि हळूच विचारलं, “मग दाजींनी काय केलं होतं?”

काही नाही. तुम्ही काही केलं नव्हतं, दाजी.

आता जे लपवलं ते लिहितो. पत्र्याच्या भोकाला रबराची कडी लावायची असते, म्हणजे कडेने वायर कापली जात नाही. ती माझ्या पिशवीत होती. त्या दिवशी मला अजून एका घरी जायचं होतं, म्हणून म्हटलं पुढच्या खेपेला लावू. पुढची खेप सात महिने आली नाही. पाचही मशीन चालली की फळी थरथरते, वायर पत्र्यावर घासत राहते. घासून घासून दोन्हींचं प्लास्टिक गेलं. आणि रबर नसलं तरी बॅटरीजवळ फ्यूज असता, तर आग लागली नसती. मी दोन्ही ठिकाणी चुकलो. एका ठिकाणी आळसाने आणि एका ठिकाणी, काय सांगू, प्रेमाने. फ्यूज मी ताईच्या गुडघ्यांच्या सोयीने लावला, वायरच्या सोयीने नाही.

आणि हो, मी तुमचं नाव घेतलं होतं. मला तेव्हाही आठवत होतं. ‘दाजींशिवाय आत कोण ओढतं’, हे माझेच शब्द. चुकलं म्हणून हे भागणार नाही, पण चुकलं. मला माफ करा.


७ एप्रिल

दाजी,

घाईत लिहितोय. अकरा वर्षांत मी सतरा ठिकाणी असंच काम केलंय. सगळीकडे फ्यूज दाराजवळ, हाताशी. पाच दिवसांत नऊ घरं झाली. बॅटरीच्या लाल टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवतो, भोकांना रबर लावतो, मग पुढचं घर. बॅटरीवाल्या बाईंनी सगळे फ्यूज काढून दिले आणि पैसे मोजून घेतले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. एका घरी म्हातारे आजोबा म्हणाले, मिस्त्री, तेव्हा तर तूच सांगितलं होतंस की इथेच बरा. मी म्हटलं, हो, मीच सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं, का बदलतोयस? मी खरं ते सांगितलं. आजोबांनी चष्मा लावला आणि वाकून ती वायर पाहिली.

त्या घरी भोकातल्या वायरचं प्लास्टिक अर्धं कापलं गेलं होतं. नात बॅटरीच्या फळीखाली झोपते.

ताईला अजून सांगितलेलं नाही. नऊ परक्या घरांत तोंड उघडलं आणि सख्ख्या बहिणीसमोर उघडत नाही. दोनदा गेलो, चहा पिऊन परत आलो. ती विचारते, काही काम होतं का? मी म्हणतो नाही. तिने नवरा गमावला तो माझ्या एका वाक्याने, हे तिला कसं सांगू ते मला सुचत नाही.


१२ एप्रिल

दाजी,

सांगितलं.

आज दुपारी गेलो. ती अंगणात चौथ्या मशीनला तेल घालत होती. मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. फ्यूज, वायर, पत्रा, रबर, बॅटरीवाल्या बाई, भाजलेलं बोट. मधे कुठेतरी मी रडलो, ते लिहायला नको होतं पण लिहितो. ती माझ्याकडे बघत नव्हती. तेलाची कुपी धरून तशीच बसली होती. मला वाटलं ती कुपीच फेकून मारेल.

ती म्हणाली, “मला माहीत होतं.”

मला कळेना. काय माहीत होतं? वायरचं? वायरमधलं तिला काय कळतं?

वायरचं नाही, म्हणाली. सिगारेटचं माहीत होतं. त्या दिवशी सकाळी तुमच्या खोकल्यावरून तुमचं दोघांचं भांडण झालं होतं, आणि तुम्ही अंघोळीला गेल्यावर तिने तुमचं पाकीट आणि लायटर दोन्ही काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. खोली जळत होती तेव्हा ती पर्स तिच्या काखेत होती. मी फ्यूज वर धरला, तुमचं नाव घेतलं, तुम्ही खिसे चाचपायला लागलात आणि तुमच्या खिशात काहीच का सापडत नव्हतं, हे तिथे एकट्या तिलाच माहीत होतं.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

तिने तेलाच्या कुपीला बूच लावलं. मग म्हणाली, “त्यांनी नाही तर कुणी, असं लोकांनी विचारलं असतं. मग तू उरला असतास.”

तिने हिशेब असा मांडला होता, दाजी. नवऱ्याचं काय, एक वाईट सवय, लोक चार दिवस बोलतील, घरात मी समजावीन. पण मिस्त्रीच्या कामाने आग लागली असं एकदा झालं की त्याला परत कुणी दारात उभं करत नाही. तिला वाटलं तुम्ही रागवाल, भांडाल, आणि मग रात्री एकटं असताना ती तुमच्या हातात पाकीट ठेवून खरं काय ते सांगेल. पण तुम्ही भांडलाच नाहीत. सगळे म्हणतात तर तसंच असेल, असं म्हणून गप्प बसलात. आठवडाभर ती आज सांगू उद्या सांगू करत राहिली, आणि तुम्ही बॅग भरून गेलात. मग तुमचं पत्र आलं. न केलेली गोष्ट तुम्ही कबूल केलीत, वर तिचीच माफी मागितलीत. त्यानंतर फोन करायचं तोंडच तिला उरलं नाही. माझ्यावर रागावून ती बोलत नव्हती असं मी समजत होतो. तसं नव्हतं ते.

मला अजून काहीच धड कळत नाही. मला वाचवलं म्हणून तिचे पाय धरू की तुम्हाला बुडवलं म्हणून तिच्याशी भांडू? ती मला आईच्या ठिकाणी आहे आणि तिने हे माझ्यासाठी केलं. मी तर मागितलंही नव्हतं. की मागितलं होतं? त्या दिवशी फ्यूज वर धरताना मी आधी तिच्याकडेच पाहिलं होतं, हे आत्ता लिहिताना आठवतंय.

मी तिला म्हटलं हे सगळं तू दाजींना सांग. ती म्हणाली तू लिही, मला नाही जमणार. म्हणून तिच्यासमोरच बसून लिहितोय. ज्यांच्यासमोर मी तो फ्यूज मिरवला त्या सगळ्यांकडे उद्यापासून एकेक करून जाणार आहे. त्यात तुमच्यावर उपकार काही नाहीत. राहिलेली शेवटची दोन घरंही संपवायची आहेत.

इथपर्यंत ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली पेन दे. खालच्या ओळी तिच्या हातच्या आहेत.

अहो,
‘ओढली असेन’ असं पुन्हा कुणाला लिहू नका. तुम्ही ओढली नव्हती. शनिवारच्या पहिल्या गाडीने येतेय. तुमच्या थोरल्या भावांसमोर, वहिनींसमोर, जे कोणी असतील त्यांच्यासमोर हेच मोठ्याने सांगणार आहे. त्यानंतर दार लावून घ्यायचं असेल तर घ्या.